ट्रेलरच्या टॉयलेटात पाण्याची कंजुषी नको

ट्रेलर बघायला गेलेलं मराठी कुटुंब आधी स्वयंपाकाचा ओटा बघतं. कुकर मावतो का, फ्रीजमध्ये दह्याचं पातेलं बसेल का, बंकवर दोन्ही मुलं झोपतील का, उन्हाळ्यात आई-बाबा आले तर त्यांना पायरी चढता येईल का. विक्रेता टॉयलेटचं दारही उघडून दाखवतो. सगळे एकदा डोकावतात, ‘बरं आहे’ म्हणतात आणि पुढे सरकतात. सहलीत सगळ्यात जास्त वैताग जिच्यामुळे होतो ती टाकी त्याच दाराआड, फरशीच्या खाली, कुणाला न दिसता बसलेली असते. अमेरिकेत ट्रेलर विकत किंवा भाड्याने घेणारी मंडळी आता आपल्यातही बरीच आहेत, म्हणून हा लेख. जेवताना वाचू नये, एवढं आधीच सांगून ठेवतो.

हे टॉयलेट घरच्यासारखं दिसतं, पण चालतं वेगळ्या तऱ्हेने. ट्रेलरमध्ये तीन टाक्या असतात. वापरायच्या स्वच्छ पाण्याची एक, सिंक आणि शॉवरचं सांडपाणी साठवणारी ग्रे टँक आणि फक्त टॉयलेटची ब्लॅक टँक. मध्यम आकाराच्या ट्रेलरमध्ये ब्लॅक टँक साधारण ३० ते ४० गॅलनची, म्हणजे ११५ ते १५० लिटरची असते. घरच्या कमोडखाली वळणदार नळी असते, तिच्यात पाणी साचून राहतं आणि वास अडतो. ट्रेलरमध्ये ते वळण नाही. बोलच्या, म्हणजे टॉयलेटच्या भांड्याच्या, तळाशी एक झडप, झडपेभोवती रबरी सील आणि खाली थेट टाकी. पायाने पेडल दाबलं की झडप उघडते, जे असेल ते सरळ खाली पडतं, पेडल सोडलं की झडप मिटते. मिटलेल्या झडपेवर बोलमध्ये थोडं पाणी उभं राहतं आणि वासाला तेवढंच पाणी अडवून धरतं. टाकीतून एक नळी छतावर गेलेली असते, वायू तिच्यातून बाहेर पडतो. टाकीला खाली तीन इंची निचऱ्याचा पाइप आणि त्यावर हाताने ओढायचा व्हॉल्व्ह. यात यंत्र म्हणावं असं काही नाही. सगळं काम गुरुत्वाकर्षण आणि पाणी मिळून करतात. गुरुत्वाकर्षण कायम हजर असतं, पाणी मात्र तुम्हाला घालावं लागतं.

गफलत होते ती इथेच. नव्या ट्रेलरवाल्याला पहिल्या दिवसापासून एकच धास्ती असते, टाकी भरेल. मग तो घरच्यांना बजावत सुटतो, पाणी जपून वापरा, पेडल दाबलं की लगेच सोडा. आपल्यातले कितीतरी जण नळाला ठरावीक वेळीच पाणी येणाऱ्या गावांतून आलेले, त्यामुळे पाणी वाचवणं अंगात मुरलेलं. ग्रे टँकच्या बाबतीत ही सवय फार उपयोगाची आहे. ब्लॅक टँकला मात्र ती नडते. पाणी कमी पडलं की मैला आणि कागद टॉयलेटच्या अगदी खाली साचतो, घट्ट होतो आणि वर चढत जातो. अमेरिकेतले आरव्हीवाले, म्हणजे अशी चाकांवरची घरं वापरणारे, या ढिगाला पिरॅमिड म्हणतात. टाकी रिकामी करताना पातळ तेवढं वाहून जातं, ढीग जागेवरून हलत नाही. पुढच्या सहलीत त्यावर आणखी थर बसतो. मग एके दिवशी पेडल दाबूनही बोल रिकामा होत नाही. टाकीत अजून भरपूर जागा असते, पण तोंडच बुजलेलं असतं.

म्हणून टाकी रिकामी करून व्हॉल्व्ह बंद केला की लगेच टॉयलेटमधून दोन-तीन गॅलन पाणी आत सोडा. मोठी टाकी असेल तर चार-पाच गॅलन. टाकीचा तळ पूर्ण झाकला गेला पाहिजे. शौचाला बसण्याआधी बोलमध्ये पाणी घ्या. बऱ्याच मॉडेलांत पेडल अर्धं दाबलं की नुसतं पाणी येतं आणि पूर्ण दाबलं की झडप उघडते. फ्लश करताना मनात पाच-सहा आकडे मोजेपर्यंत पेडल सोडू नका. लघवीला एवढं पाणी लागत नाही, तिथे हात आखडता घेतला तरी चालेल. देखभालीचा निम्म्याहून जास्त भाग इथेच संपतो. बाकी जे पुढे सांगणार आहे, ते या सवयीपुढे दुय्यम आहे.

भारतातून आलेल्या आई-बाबांपुढे ट्रेलरमध्ये नुसता कागदाचा रोल ठेवला तर त्यांची पंचाईत होते. तिथे बिनधास्त प्लास्टिकचा मग ठेवा. मगभर पाणी खाली गेलं तर टाकीचं काही बिघडत नाही. उलट कागद कमी जातो, पाणी जास्त जातं आणि टाकीला हवं असतं तेच होतं. टाकी थोडी लवकर भरेल, तेवढ्यासाठी वडीलधाऱ्यांना संकोचात टाकू नये. हाताचा फवारा बसवून घेतला असेल तर त्याच्या मागची तोटी वापर झाल्यावर बंद करायची शिस्त सगळ्यांना लावा. ट्रेलर कॅम्पग्राउंडच्या नळाला जोडलेला असताना असा फवारा बोलमध्ये ठिबकत राहिला आणि तुम्ही दिवसभर फिरायला गेलात, तर परत आल्यावर स्नानगृहात काय दिसेल ते सांगायला नको.

टाकीत काय जावं याचं उत्तर छोटं आहे: शरीरातून आलेलं, पाणी आणि टॉयलेट पेपर. आरव्हीसाठीचा म्हणून विकला जाणारा महाग कागदच घ्यावा असं काही नाही. घरातल्या कागदाचे दोन-तीन तुकडे झाकणाच्या बरणीत पाण्यासोबत टाका, बरणी चांगली हलवा. कागदाचा लगदा झाला तर तो चालेल, तुकडे तसेच तरंगत राहिले तर नको. ओल्या पुसण्या, मग पाकिटावर ‘फ्लश करता येतील’ असं कितीही ठळक लिहिलेलं असो, टाकीत टाकू नका. त्या विरघळत नाहीत आणि निचऱ्याच्या व्हॉल्व्हमध्ये अडकतात. सॅनिटरी पॅड, डायपर, कान साफ करायच्या काड्या, उरलेली आमटी, यातलं काहीच नाही. टॉयलेटमध्ये झाकणाची छोटी कचऱ्याची बादली ठेवली की यातले बरेचसे प्रश्न उद्भवत नाहीत. आपण ज्यांना पाहुणे म्हणून बोलावलं आहे त्यांनाही हे आधीच सांगावं. सांगायला अवघड वाटतं, पण नंतर अडकलेला व्हॉल्व्ह मोकळा करण्यापेक्षा सोपं आहे.

ग्रे टँकबद्दल दोन शब्द मध्येच सांगतो, कारण आपल्या स्वयंपाकाशी त्याचा थेट संबंध आहे. ‘टॉयलेटचा वास येतोय’ अशी तक्रार असते तेव्हा कित्येकदा वास ग्रे टँकचा असतो. फोडणीचं तेल, भाताची शितं, चहाचा चोथा, ताकाचं धुवण हे सगळं तिथे साचतं आणि उन्हाळ्यात दोन दिवसांत आंबतं. ताट-कढई धुण्याआधी कागदाने पुसून घ्या, सिंकवर बारीक जाळी ठेवा, तळणीचं तेल डब्यात भरून कचऱ्यात टाका. ट्रेलर बरेच दिवस उभा राहिला की सिंक-शॉवरच्या नळीच्या वळणातलं पाणी आटतं आणि टाकीचा वास सरळ वर येतो. प्रत्येक ठिकाणी तांब्याभर पाणी ओतलं की तो थांबतो.

आता सगळ्यांत जास्त होणारी चूक. फुल हुकअपच्या जागेवर, म्हणजे जिथे पाणी, वीज आणि गटाराची जोडणी तिन्ही मिळते तिथे, माणसाला वाटतं, निचऱ्याचा होज जोडलेलाच आहे तर व्हॉल्व्ह उघडाच ठेवू, भरायची कटकटच नको. ग्रे टँकचा व्हॉल्व्ह असा ठेवला तर फारसं बिघडत नाही. ब्लॅक टँकचा कधीही नाही. व्हॉल्व्ह उघडा असला की पाणी येईल तसं वाहून जातं, घट्ट भाग मागे राहतो आणि चार दिवसांत पिरॅमिड तयार. ब्लॅक टँक बंद ठेवायची, दोन-तृतीयांश तरी भरू द्यायची आणि मग एकदम सोडायची. त्या एकदम सुटलेल्या लोंढ्याच्या जोरावर टाकी साफ होते. सहल संपली आणि टाकी अर्धीच भरलेली असेल तर पाणी घालून ती भरा आणि मग रिकामी करा. चारजणांच्या घराला ३० गॅलनची टाकी साधारण तीन-चार दिवस पुरते, तेवढा अंदाज घेऊन रिकामी करायची ठिकाणं ठरवा.

रिकामी करायची पद्धत एकदा हाताला बसली की फार वेळ लागत नाही, पण पहिल्या वेळी सावकाश करा. नायट्राइलचे एकदाच वापरायचे हातमोजे घाला. दोन्ही व्हॉल्व्ह बंद आहेत हे ओढून नाही तर नजरेने बघा, मगच पाइपचं झाकण काढा. झाकणाखाली छोटी बादली धरा, कारण व्हॉल्व्ह थोडा गळका असेल तर मधल्या पाइपमधलं पाणी तुमच्या बुटांवर येतं. होजचं जमिनीकडचं टोक आधी गटाराच्या तोंडात पक्कं बसवा, त्यावर वजन ठेवा किंवा आटे असलेला अडॅप्टर फिरवून घट्ट करा. नंतर दुसरं टोक ट्रेलरला जोडा, फिरवल्यावर खटका बसला पाहिजे. ट्रेलरच्या बाजूला पारदर्शक प्लास्टिकचा एल्बो लावून घ्या, असा माझा आग्रह आहे. आतून काय जातंय, गढूळ की स्वच्छ, हे त्यातून कळतं आणि कधी थांबायचं ते ठरवता येतं. होज ट्रेलरपासून गटारापर्यंत उतरता हवा, मध्ये झोळ नको.

आधी ब्लॅक, मग ग्रे. हा क्रम चुकवू नका. ब्लॅकचा व्हॉल्व्ह झटक्यात पूर्ण उघडा, हळूहळू नको. आवाज थांबेपर्यंत वाट बघा. टाकीला आतून धुवायचा फवारा असेल, तर त्याच्या बाहेरच्या नळाला पाणी जोडून एल्बोत स्वच्छ पाणी दिसेपर्यंत चालू ठेवा. मग ब्लॅक बंद करून ग्रे उघडा. साबणाचं पाणी होजमधून गेलं की होज आपोआप धुतला जातो. त्यासाठीच फुल हुकअपवर ग्रेचा व्हॉल्व्हही आदल्या दिवशी बंद करून थोडं पाणी साठवावं. शेवटी दोन्ही व्हॉल्व्ह बंद, होज आधी ट्रेलरच्या बाजूने काढायचा, वर उचलून सगळं पाणी गटारात जाऊ द्यायचं, धुवायचा, टोकं झाकायची, झाकणाच्या डब्यात किंवा बंपरच्या पोकळीत ठेवायचा. पिण्याच्या पाण्याच्या होजला याचा स्पर्शही होऊ नये. पिण्याचा होज बहुतेक पांढरा किंवा निळा मिळतो, टाकी धुवायला वेगळ्या रंगाचा घ्या आणि दोन वेगळ्या कप्प्यांत ठेवा. डम्प स्टेशनवरच्या, म्हणजे टाक्या रिकाम्या करायच्या जागेवरच्या, नळावर ‘पिण्यायोग्य नाही’ अशी पाटी असते. ती खरी माना, पिण्याच्या टाकीत ते पाणी भरू नका, तहानेने कासावीस मुलगा मागे लागला तरीही.

आतून धुवायच्या त्या फवाऱ्याबद्दल एक इशारा. व्हॉल्व्ह बंद ठेवून फवारा चालू केला तर टाकी भिजून निघते आणि चिकटलेलं सुटतं, म्हणून काही जण मुद्दाम तसं करतात. पण तेव्हा नळापासून हलू नका. फोन आला, शेजारच्याशी गप्पा लागल्या आणि पाणी विसरलं, तर टाकी भरून ते टॉयलेटमधून आत किंवा छताच्या नळीतून बाहेर येतं. ज्यांच्याकडे असा फवारा नाही त्यांनी टॉयलेटमधून बादलीभर पाणी जोरात ओतून दोन-तीनदा धुतलं तरी काम भागतं. बाजारात टॉयलेटमधून आत सोडायची, टोकाला फिरता फवारा असलेली लांब कांडीही मिळते. टॉयलेट आणि टाकी यांमधला पाइप सरळ असेल तरच तिचा उपयोग होतो.

टाकीत घालायच्या औषधांनी दुकानातली फळी भरलेली असते आणि प्रत्येक आरव्हीवाल्याचं आवडतं औषध वेगळं असतं. ढोबळमानाने त्यांचे दोन प्रकार आहेत. एक जीवाणू आणि एन्झाइमवर चालणारी, मैला आणि कागद पचवणारी. दुसरी रसायनं, जी जीवाणूंना मारून वास दाबतात. जुन्या रासायनिक औषधांत फॉर्मल्डिहाइड असायचं, काहींत अजूनही असतं. अनेक कॅम्पग्राउंडचं सांडपाणी शहराच्या गटारात जात नाही, त्यांच्या स्वतःच्या सेप्टिक टँकमध्ये जातं. तिथले जीवाणू या रसायनाने मरतात आणि सगळी व्यवस्था बंद पडते. म्हणून कित्येक ठिकाणी ते चालत नाही आणि कॅलिफोर्नियात तर कायद्यानेच मनाई आहे. माझ्या मते एन्झाइमवालं औषध घ्यावं, पाकिटावरच्या प्रमाणात, टाकी रिकामी करून पाणी घातल्यानंतर लगेच. त्यावर ब्लीच किंवा जंतुनाशक ओतलं की ते औषध फुकट जातं. ब्लीच रबरी सीलही खराब करतं आणि अमोनियाशी मिसळलं तर विषारी वायू होतो. लघवीच्या टाकीत ते ओतण्याचं काही कारण नाही. बर्फाच्या खड्यांची पिशवी टॉयलेटमध्ये रिकामी करून ट्रेलर चालवला की टाकी घासून निघते, असा एक घरगुती तोडगा ऐकायला मिळतो. बर्फ पाण्यावर तरंगतो आणि वितळतो. त्यापेक्षा तेवढंच पाणी घातलेलं बरं. औषध घेतलं नाही आणि पाणी भरपूर घातलं तरी टाकी नीट चालते. औषध घेतलं आणि पाणी कमी घातलं तर नाही.

वास आला की लगेच औषधाची बाटली उघडण्याआधी कारण शोधा. बोलमधलं पाणी आपोआप उतरतंय का बघा. उतरत असेल तर सील आणि झडप यांमध्ये काहीतरी अडकलंय किंवा सील सुकलंय. पाण्याचा नळ बंद करा, पेडल दाबून झडप उघडी ठेवा आणि हातमोजा घालून, जुन्या टूथब्रशने सीलची कडा खालून-वरून घासा. पाणी उतरायला कागदाचा चिमूटभर तुकडाही पुरेसा असतो. सीलला सिलिकॉनचं वंगण लावा, पेट्रोलियम जेली किंवा पेट्रोलियमचं दुसरं वंगण नको, त्याने रबर फुगतं. तरीही पाणी उतरत राहिलं तर सील बदला. थेटफोर्ड आणि डोमेटिक या दोन कंपन्यांची टॉयलेटं अमेरिकन ट्रेलरांत सर्रास असतात आणि त्यांच्या मॉडेलनुसार सीलचे संच सुटे मिळतात. बरेचसे घरच्या घरी बसवता येतात.

सील चांगलं असून वास येत असेल तर छतावरचा पंखा तपासा. स्नानगृहाचा पंखा बाहेर हवा फेकत असतो. तो चालू असताना पेडल दाबलं तर खोलीतली पोकळी भरायला हवा टाकीतून वर येते. म्हणून फ्लश करण्याआधी पंखा बंद, झडप मिटली की चालू. हे एवढं साधं आहे की कुणी सांगत नाही, आणि न सांगितल्यामुळे लोक बाटल्यांवर पैसे घालवत राहतात. छताच्या नळीच्या तोंडात कधी पक्षी किंवा गांधीलमाश्या घरटं करतात. हिवाळ्यानंतर वर चढून एकदा पाहावं.

भिंतीवरच्या पट्टीत टाकी किती भरली ते दाखवणारे दिवे असतात. ब्लॅक टँकच्या दिव्यांवर फार विसंबू नका. टाकीच्या आतल्या बाजूला बसवलेल्या खुंट्यांना पाणी टेकलं की ते पेटतात. खुंट्यांवर कागद आणि मळ चिकटला की रिकामी टाकीही भरलेली दिसते. नीट धुतल्यावर दिवे कधी सुधारतात, कधी नाही. टॉर्च घेऊन पेडल दाबा आणि आत बघा, ही तपासणी कधी चुकत नाही. टाकीच्या बाहेरून चिकटवायचे सेन्सरही मिळतात आणि ते जास्त भरवशाचे असतात, पण ते लावायला टाकीची बाजू हाताशी यायला हवी.

कुठे रिकामी करायची हे निघण्याआधी ठरवा. पार्कमध्ये गेल्यावर बघू, हा विचार राष्ट्रीय उद्यानांत महागात पडतो. योसेमिटीच्या कॅम्पग्राउंडांत हुकअप नाहीत, दरीत अपर पाइन्सजवळच्या डम्प स्टेशनवर जावं लागतं. यलोस्टोनमध्ये हुकअप असलेली जागा एकच, फिशिंग ब्रिज, आणि अस्वलांमुळे तिथे फक्त पक्क्या भिंतींच्या गाड्यांनाच प्रवेश आहे, कापडी बाजूंचे पॉप-अप चालत नाहीत. ग्रँड कॅनियनच्या दक्षिण कड्यावर ट्रेलर व्हिलेजमध्ये सगळ्या जोडण्या मिळतात. वाटेत बहुतेक स्टेट पार्क, केओएसारखी खासगी कॅम्पग्राउंडं, मोठे ट्रकस्टॉप आणि काही राज्यांतली महामार्गावरची विश्रांतीस्थळं यांत पैसे देऊन किंवा फुकट सोय असते. १९८९च्या ‘नॅशनल लॅम्पून्स ख्रिसमस व्हेकेशन’ या सिनेमात एक नातेवाईक आरव्हीची टाकी रस्त्याकडेच्या पावसाळी गटारात सोडतो आणि प्रेक्षक हसून लोळतात. प्रत्यक्षात ते गटार शुद्धीकरण केंद्राकडे जात नाही, सहसा सरळ ओढ्या-नदीत जातं, आणि हा गुन्हा आहे. रानात, वाळवंटात, कुणी बघत नसलं तरी ब्लॅक टँक जमिनीवर सोडायची नाही.

भरलेल्या टाकीसह लांबचा प्रवासही टाळावा. एक गॅलन पाण्याचं वजन ८.३ पौंड. ४० गॅलनची टाकी भरली की ट्रेलरवर दीडशे किलोचा बोजा वाढतो, आणि टाकी चाकांच्या पुढे आहे की मागे यावर ओढणाऱ्या गाडीचा तोल बदलतो. जवळचं डम्प स्टेशन आठ-दहा मैलांवर असेल तर हरकत नाही. परतीचा प्रवास थोडा उपयोगीही पडतो: रिकाम्या केलेल्या टाकीत थोडं पाणी आणि साबण घालून घरी या, हिंदकळून आतलं चिकटलेलं सुटतं, आणि जवळच्या स्टेशनवर पुन्हा सोडा. पिरॅमिड झालेला असेल तर टाकी पाण्याने भरून एन्झाइम घालून एक-दोन दिवस तशीच ठेवा आणि मग ही युक्ती करा. तरी मोकळं झालं नाही तर जोराच्या फवाऱ्याने टाक्या धुऊन देणारे व्यावसायिक असतात. काठ्या-सळ्या खुपसू नका, टाकीला भोक पाडून ठेवाल.

न्यूजर्सी, शिकागो, मिनेसोटाकडच्या मंडळींना शेवटचं काम ऑक्टोबरात. पारा ३२ फॅरनहाइटच्या खाली जायच्या आत दोन्ही टाक्या रिकाम्या करून धुवा, व्हॉल्व्ह उघडबंद करून वंगण द्या आणि आरव्हीचं गुलाबी अँटीफ्रीझ आणा. ते प्रोपिलीन ग्लायकॉलचं असतं. गाडीच्या रेडिएटरमध्ये घालायचं इथिलीन ग्लायकॉल विषारी असतं, ते घरात असेल तरी ट्रेलरच्या पाण्याच्या नळ्यांत घालू नका. गुलाबी द्रव थोडा टाकीत, थोडा सिंक-शॉवरच्या वळणांत आणि थोडा बोलमध्ये झडपेवर उभा राहील असा ठेवा, म्हणजे सीलही सुकत नाही. थंडीत कॅम्पिंग करत असाल तर होज बाहेर जोडून ठेवू नका, आतलं पाणी गोठून तो फुटतो. गरज पडली की जोडा, सोडा आणि उचलून ठेवा.

भाड्याने घेणाऱ्यांनी चावी हातात घेण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात. होज आणि हातमोजे सोबत मिळणार का, टाकी रिकामी न करता परत दिली तर किती दंड, आणि ब्लॅक टँक आता खरोखर रिकामी आहे का. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर टॉर्चने स्वतः बघा. मालक तिथेच उभा असताना एकदा होज जोडून दाखवायला सांगा, लाजू नका. ते लोक दर आठवड्याला हेच करत असतात.

आणि वापरलेला ट्रेलर विकत घेत असाल, तर सोफ्याचं कापड आणि टीव्हीचा आकार बघण्याआधी टॉयलेटपाशी जा. बोलमध्ये पाणी भरा आणि बाकीचा ट्रेलर बघून अर्ध्या तासाने परत या. टॉयलेटच्या बुडाभोवती पायाने दाबून बघा, फरशी मऊ लागली तर खालचं लाकूड कुजलं आहे. बाहेर निचऱ्याचं झाकण बादली धरून उघडा आणि काय येतं ते बघा. व्हॉल्व्ह ओढून बघा, जड जातो का. बोलमधलं पाणी उतरलं असेल तर तो सीलचा किरकोळ खर्च आहे, तेवढी किंमत कमी करून मागा. झाकणातून मळ आला तर व्हॉल्व्ह बदलावा लागेल, त्याचीही किंमत कमी करून मागा. फरशी मऊ असेल तर घासाघीस करू नका, दुसरा ट्रेलर बघा.